लेफ्ट विंगचा सौदा

दिगू गेल्याची बातमी आली तेव्हा मी नागापूरच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात जुन्या लेथ मशीनची घासाघीस करत होतो. मालक खाली यायला तयार नव्हता, मी वर जायला तयार नव्हतो, आणि दोघांचेही आवाज पत्र्याला लागले होते. तेवढ्यात सुमनवहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले... चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत थांबले नाहीत." मी फोन खिशात टाकला आणि मालकाला म्हणालो, तुमचाच भाव खरा, मशीन पाठवून द्या. घासाघीस अशी मध्येच सोडून देण्याची माझी ती पहिलीच वेळ. पण त्याहून मोठा एक सौदा आदल्या संध्याकाळी दिगूच्या खोलीत अर्धवट राहिला होता, त्याचं काय करायचं हे मला स्मशानातही सुचत नव्हतं.

मी मूळचा पाथर्डीकडचा. आईवडील ऊसतोडीला जायचे, म्हणून मला नगरला मामाकडे ठेवलेलं. दिगंबर जोशी माझ्या वर्गात होता. कारकुनाचा मुलगा, इस्त्रीचे कपडे, बोलणं मोजूनमापून. आमच्यात सारखं असं एकच होतं, फुटबॉल. लष्कराच्या मैदानावर जवान खेळायचे, ते कुंपणाबाहेरून बघत आम्ही शिकलो. तो गोलकीपर, मी लेफ्ट विंगला. मी बॉल घेऊन सुटलो की मागच्यांना धूळच दिसायची. आणि तरी शाळांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात या माणसाने, कप्तान होता म्हणून, मला बाहेर बसवलं! कारण विचारलं तर शांतपणे म्हणाला, "तू पुढे जातोस झकास, पण बॉल गेला की परत येत नाहीस." मी त्याची इस्त्रीची कॉलर धरली. तो सामना आमच्या शाळेने जिंकला. हरली असती तर माझा राग तिथेच निवला असता. जिंकल्यामुळे तो आजवर टिकला.

पुढे तो वडिलांसारखाच कचेरीत लागला. मी भंगाराची हातगाडी ओढत ओढत नागापूरला स्वतःची शेड टाकली, जुन्या मशिनरीत नाव केलं. दोस्ती मात्र तुटली नाही, कारण माझं भांडण संपलेलं नव्हतं. भारताचा मैत्रीपूर्ण सामना जाहीर झाला की मी दिगूच्या घरी हजर. अशा सामन्यात कोच नवी पोरं आजमावतो, कोण उतरणार याचा कुणालाच भरवसा नसतो, आणि जिथे भरवसा नसतो तिथेच सौद्याला रंग चढतो. दोघांनी मिळून एकच संघ ठरवायचा, आणि दोघांनाही पटल्याशिवाय एकही खेळाडू आत घ्यायचा नाही, हा नियम मी घातलेला. एकट्या कप्तानाने संघ निवडायचे दिवस गेले, असं मी त्याला पहिल्याच दिवशी सुनावलं होतं. मैदान म्हणजे त्याचा जुना कॅरमबोर्ड. सोंगट्या खेळाडू, गोलकीपरच्या जागी अंगाने मोठा म्हणून स्ट्रायकर, आणि ज्या जागेवर घोडं अडलंय तिच्यासाठी राणी. एकमत होईपर्यंत राणी बोर्डाच्या लाकडी काठावर बसायची.

"दिग्या, तुझा राईट बॅक घेतो, पण बदल्यात माझा मिडफिल्डचा पोरगा घ्यावा लागंल."

"तो? अरे, बॉल दुसऱ्यालाही द्यायचा असतो हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही."

"आन् तुझा राईट बॅक? बोहल्यावरच्या नवरदेवावानी उभा ऱ्हातो नुसता. हालतबी न्हाई."

आतून वहिनी ओरडायच्या, "पोरींच्या लग्नात याच्या निम्मं तरी बोलायचं होतं!" एवढं करून प्रत्यक्ष संघ जाहीर झाला की आमचे निम्मे खेळाडू बाहेर बसलेले असायचे. मग आम्ही दोघं एक व्हायचो आणि कोचला शिव्या घालायचो. दिगूच्या तोंडून शिवी फक्त तेव्हाच निघायची, आणि तीही अगदी शुद्ध.

त्या शेवटच्या संध्याकाळी तो उशीला टेकून बसला होता. डॉक्टरांनी दगदग नको म्हणून सांगितलेलं, म्हणून बोर्ड पलंगावरच घेतला. दहा जण झटक्यात ठरले. हा माणूस इतक्या लवकर कबूल होतोय म्हणजे खरंच आजारी आहे, असं मला वाटलं. मग आली लेफ्ट विंग. मी हेरलेला एक नवा पोरगा होता, वाऱ्यासारखा. दिगूला जुना, भरवशाचा गडी हवा होता. मी जोर लावला तसा तो चष्मा पुसत म्हणाला, "तुझा पोरगा परत येत नाही रे."

तेच वाक्य... फक्त माझ्या जागी पोरगा. मी उठलोच. "एवढी वर्सं झाली तरी तेच व्हय रे? मला बसवलंस, आता त्यालाबी बसव!" दारात चपला घालत होतो तर आतून तो हसत म्हणाला, "उद्या ये. जरा उतरून घेईन."

"येतो. पण भाव माझाच!"

हे आमचं शेवटचं बोलणं. वाईट नाही म्हणायचं.

दिवसकार्य उरकलं आणि सामन्याचा दिवस आला. वहिनींचा फोन आला, "या भाऊजी. टीव्ही लावलाय, पण मला एकटीला त्यातलं काय कळतंय?" गेलो. बोर्ड आता टेबलावर होता, सोंगट्या तशाच, पण राणी काठावर नव्हती. लेफ्ट विंगला बसली होती.

"तुम्ही गेल्यावर त्यांनीच ठेवली," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, त्याचा पोरगा घेतला म्हणून सांग. पण फुकट नाही. पोराला परत यायला शिकव म्हणावं."

मला आधी राग आला. मी भांडायच्या तयारीत त्याचं घर सोडलेलं, आणि हा माझ्या माघारी मान्य करून मोकळा! याला काय सौदा म्हणतात? तेवढ्यात टीव्हीवर संघ दिसला. लेफ्ट विंगला माझा पोरगा! मी ताडकन उभा राहिलो... आणि ओरडायला समोर कुणी नाही.

"ओरडा की," वहिनी म्हणाल्या. "ते असते तर तुम्ही थांबला असता का?"

खरी गंमत पुढे झाली. आपला बॉल गेला, समोरचे सुसाट सुटले, आणि माझा पोरगा पार आपल्या गोलपर्यंत मागे धावत आला आणि बॉल बाहेर तडकावला. मी त्या रिकाम्या पलंगाकडे बघून बोंबललो, "दिग्या, आला रे! परत आला!" शेजारचे दारात जमा झाले. वहिनी हसता हसता डोळे पुसत राहिल्या.

बोर्ड आता माझ्या शेडमध्ये आहे, वहिनींनीच दिला. पुढचा मैत्रीपूर्ण सामना जाहीर झालाय आणि दोन्ही बाजूंनी मीच बोलतो. गिऱ्हाईक बाहेर थांबतं, थांबू दे. दहा जण ठरलेत. माझ्या बाजूने लेफ्ट विंगला तोच पोरगा पक्का, आता तर तो परतही येतो. पण दिगूच्या बाजूने बोलायला लागलो की चष्मा नसताना मी डोळ्यांवरून हात फिरवतो, आणि एकदा परत आला म्हणून रोज येईल कशावरून, असं मलाच विचारतो. चार दिवस झाले, राणी काठावरच आहे. दिगू काही खाली यायला तयार नाही.