मुतिंता एकटीच आली

अनुपमा ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवायची. नवऱ्याची, हेमचंद्रची, बदली दुबईला झाली, तशी ती नोकरी सुटली. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये घर लावून झाल्यावर रिकामे दिवस खायला उठले. मग सिलिकॉन ओएसिसमधल्या एका छोट्या संस्थेत तिला काम मिळालं. अमेरिकेतली एक शाळा आणि आफ्रिकेतली एक शाळा यांची गाठ घालून द्यायची आणि ती वर्षानुवर्षं टिकवायची. "मी शाळांची लग्नं जमवते," असं ती हसत सांगायची.

तिनं जुळवलेली पहिली जोडी म्हणजे ओहायोतली एक शाळा आणि झांबियातल्या खेड्यातली एक. ओहायोच्या लॉरेल टीचर आणि झांबियाच्या हेडमिस्ट्रेस मुतिंता, दोघींनी जीव ओतला. दर गुरुवारी मुलं स्क्रीनवर भेटायची, आपापल्या नदीबद्दल सांगायची, एकमेकांना कोडी घालायची. नेट अडकलं की मध्ये बसलेल्या अनुपमाचा जीव खालीवर व्हायचा. करार दहा वर्षांचा होता. तिसऱ्या वर्षी ठरलं, की लॉरेल आणि मुतिंतानं एकदा समोरासमोर बसून पुढचं आखायचं. दोघींनाही सोयीचं म्हणून दुबईत.

मुतिंता विमानात बसली आणि लॉरेलचा फोन आला. आवाज रडवेला.

"अनुपमा, आमच्या स्कूल बोर्डानं सगळंच बंद केलं गं. पालक म्हणतात, आपलीच मुलं वाचनात मागे आहेत, आधी ते बघा. मला येऊ देत नाहीत."

अनुपमा फहदच्या केबिनमध्ये धावली. फहद संस्थेचा डायरेक्टर. माणूस वाईट नव्हता. त्यानं बोर्डाला फोन लावला, मेल केल्या, आणि शेवटी हात टेकले.

"खलास, अनुपमा. करारातून कधीही बाहेर पडायची त्यांना मुभा आहे."

"पण मुतिंता वाटेत आहे, सर!"

"मग यल्ला, चल, एअरपोर्टला जा. अजून काय करणार आपण?"

मुतिंता बाहेर आली ती हसतच. उंच, पन्नाशीची, रंगीत छापाचं कापड कमरेला गुंडाळलेलं. तिनं अनुपमाला घट्ट मिठी मारली. "लॉरेल पोचली?"

अनुपमाला तिथं सांगता आलं नाही. टॅक्सीत सांगितलं. मुतिंता तिच्याकडे वळली.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही, काहीच नाही."

"चुकलं असतं तर बरं होतं. सुधारता तरी आलं असतं."

हॉटेलात एकटी कशी सोडायची, म्हणून अनुपमानं तिला घरीच आणलं. "मॉम, शी डिडन्ट ईट," तिचा मुलगा देवांश हळूच म्हणाला. हेमचंद्रनं पोह्यांची बशी तिच्यापुढे परत सरकवली. तिनं थँक्यू म्हटलं आणि चमचा नुसता धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी फहदनं कशीबशी बोर्डाच्या अध्यक्षांची व्हिडिओ कॉलसाठी वेळ मिळवली. गृहस्थ सभ्य होते. तीन सुंदर वर्षांबद्दल त्यांनी आभार मानले. मुतिंता म्हणाली, "आम्ही तुमच्याकडे पैसे कधी मागितले नाहीत. तुमच्या मुलांना आमची मुलं नावानिशी ओळखतात. आठवड्यातून एक तास, तेवढाच राहू द्या." त्यांनी मान डोलावली, समजतंय म्हणाले, आणि दुसरी मीटिंग आहे म्हणून स्क्रीनवरून निघून गेले.

त्यानंतर मुतिंताच्या शाळेला नवी जोडी मिळावी म्हणून अनुपमानं दिसेल त्या अमेरिकन शाळेला फोन केला. कुणी म्हणालं पुढच्या वर्षी बघू, कुणाला केनियाच हवा होता. मुतिंताचं परतीचं तिकीट काही थांबणार नव्हतं. निरोप देताना ती एवढंच म्हणाली, "मुलं फाटकाशी उभी असतील. त्यांना काय सांगू?" अनुपमानं तिचे हात धरले.

पुढच्या गुरुवारी मुतिंताचा फोन आला. मागे वर्गाचा गलका ऐकू येत होता.

"मुलांना मी सांगितलंय, तिकडे परीक्षा चालू आहेत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "कुणी तुला विचारलं, तर तूही तेच सांग."

"कधीपर्यंत?"

तेवढ्यात पलीकडे एका मुलीनं फोन ओढून घेतला आणि विचारलं, "मॅडम, एक्झॅम खूप कठीण आहे का?"

"हो," अनुपमा म्हणाली. "खूप."