बरणीचे रविवार

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा कळंबोलीतल्या तिच्याच हॉलमध्ये बिल्डिंगमधली पोरं माझ्याभोवती बसली होती आणि मी गुलाबी मेणबत्ती पेटवत होतो. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा तिसरा रविवार, आनंदाचा म्हणतात तो. हॉस्पिटलमध्ये जाताना तिनंच बजावलं होतं, ‘रविवार चुकवू नकोस, पोरं वाट बघतील.’ फोन ठेवला. मेणबत्ती तशीच जळू दिली…

सोसायटीत ख्रिस्ती घर आमचं एकच. पण नाताळाआधीच्या चार रविवारी सगळ्यांची पोरं ताईकडे. हिरव्या फांद्यांच्या चक्रात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. पोरांचा जीव मात्र काचेच्या बरणीत. केकसाठी ताई मनुका, काजू, संत्र्याची साल रममध्ये भिजत घालायची. मेणबत्ती लागली की प्रत्येकानं बरणी हलवायची, वास घ्यायचा, झाकण लावायचं. ‘मावशी, आता करायचा केक?’ पोरं ओरडायची. ‘अजून नाही. येशूबाळ यायचंय ना? वाट बघायची म्हणजे नुसतं बसायचं नाय, बरणी हलवत राहायची. ज्याची वाट बघतो तो येतोच.’ झाला आगमनकाळ शिकवून! मी चिडवायचो, ‘फादरना सांगू का, रमवर धर्म शिकवतेस म्हणून?’ ‘सांग की. पहिला तुकडा त्यांनाच लागतो.’

शेवटचं भेटलो तेव्हा तोंडावरचा मास्क बाजूला करून तिनं विचारलं, ‘बरणी हलवली?’ मी हो म्हणालो. बाहेर येऊन देवाशी भांडलो. आम्ही वाट बघतोय, दिसत नाही का तुला? अजूनही भांडतो. तो गप्पच असतो.

चौथी मेणबत्ती मी पेटवली नाही. केक झाला नाही. नाताळ कसा गेला ते आठवत नाही. पुढच्या रविवारी बेल वाजली, दारात सगळी पोरं. वरच्या मजल्यावरची प्रज्ञा म्हणाली, ‘मामा, बरणी हलवायचीय.’

‘अगं, नाताळ झाला.’

‘असा कसा झाला? केक कुठे केला? मावशी पण नाय आली अजून.’

मावशी गेली, हे तिला आईनं सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. पण ‘वाट बघितली की येतोच’ हे मावशीनं सांगितलेलं तिला जास्त खरं वाटत होतं. मी दारातून बाजूला झालो. पोरं आत आली.

अजूनही दर रविवारी येतात. बरणीतलं सगळं काळंभोर झालंय. एकेक जण हलवतो, वास घेतो, झाकण लावतो आणि माझ्याकडे बघतो. ‘मामा, आता?’

मला कसलीच आशा उरलेली नाही. तरी तोंडातून तिचेच शब्द निघतात… ‘अजून नाही.’