करवंदीच्या जाळीखालची जमीन

कुठेही आत शिरण्याआधी मावशी हातातली काठी तीनदा जमिनीवर आपटायच्या. तलासरीच्या आमच्या कृषी कार्यालयातही. पहिल्यांदा आल्या तेव्हा आमचे साहेब दचकून फायलीतून वर बघायला लागले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "आत कोण असेल त्याला आधी कळवलेलं बरं."

मी तिथे कृषी सहायक होतो. मावशी जवळच्या एका पाड्यावर राहायच्या. त्यांना वांग्याचं आणि वालाचं बियाणं हवं होतं. जमीन किती, असं विचारलं तर म्हणाल्या, "पाऊण एकर. दिसत नाही अजून."

जाऊन पाहिलं तर खरंच दिसत नव्हती. पाड्यामागच्या उतारावर माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी घाणेरीची झुडपं माजली होती आणि त्यांत करवंदीच्या जाळ्या गुंतल्या होत्या. पाड्यातल्या एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, की मावशींचा नवरा चौदा वर्षांपूर्वी तिथे सरपण तोडायला गेला होता. साप चावला, आणि दवाखाना गाठण्याआधीच तो गेला. त्यानंतर त्या जमिनीत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. मावशींनी डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत मजुरी करून एकुलती मुलगी वाढवली. आता टेम्पोत चढायला गुडघे साथ देईनात, तेव्हा त्या या रानाकडे वळल्या.

मी त्यांना जेसीबी लावायला सुचवलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मशीन एका दिवसात येऊन जाईल, भाऊ. राहायचं मला आहे. पायाखाली काय आहे ते मला ठाऊक पाहिजे."

दिवाळीनंतर त्यांनी एका टोकाकडून सुरुवात केली. घाणेरी नुसती कापली की दुप्पट जोमाने फुटते, मुळासकट काढा, हे मी फार गंभीरपणे समजावून सांगितलं. त्यांनी तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतलं आणि मग उपटलेल्या मुळांचा ढीग दाखवला.

मोकळ्या झालेल्या पट्ट्यात त्यांनी वाल आणि वांगी लावली. खालच्या ओहोळातून कळशीने पाणी आणायच्या. महिन्याभरात रानडुकरांनी सगळं उकरून टाकलं. मी सांत्वनाचे शब्द जुळवत पोचलो, तर मावशी उपटलेली घाणेरी आणि करवंदीचे काटे रचून कुंपण घालत होत्या. बियाणं पुन्हा मागितलं, एवढंच.

सगळं रान हटलं, पण मधली करवंदीची एक जाळी तशीच राहिली. चार दिवस त्या तिच्याभोवती काम करत राहिल्या. पाचव्या दिवशी मला निरोप आला. मी गेलो तेव्हा मुलगी बांधाबाहेर उभी होती. ती आत यायला तयार नव्हती. मावशी म्हणाल्या, "तुम्ही काही करू नका. नुसते उभे राहा. इथेच झालं होतं."

त्यांनी काठी आपटली, थांबल्या, मग फांद्या तोडायला लागल्या. दुपारपर्यंत जाळी बाजूला झाली. खाली मातीत गंजलेला कोयता होता. मूठ वाळवीने खाऊन टाकलेली. मावशींनी तो उचलला, पदराने पुसला आणि बराच वेळ मांडीवर ठेवून बसल्या. मी दुसरीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्या लोहाराकडे गेल्या. तो म्हणाला, गंज काढला तर पातं निम्मंच उरेल. "निम्मं चालेल," मावशी म्हणाल्या. त्याच कोयत्याने त्यांनी मांडवाचे बांबू तोडले, आणि त्या जागेवर कारली चढवली. मुलगी मात्र भाजी बांधावरूनच घ्यायची.

पुढे माझी बदली झाली. परवा डहाणू रोडच्या बाजारात मावशींची मुलगी भाजी विकताना भेटली. आई दोन पावसाळ्यांपूर्वी तापाने गेली, म्हणाली. मग आग्रह करून मला जमीन बघायला घेऊन गेली.

उतारावर भेंडी, गवार, मिरची ओळीने उभी होती. माझ्यासाठी कारली काढायची म्हणून तिने चपला बांधावर काढल्या आणि ओल्या वाफ्यांतून अनवाणी, माझ्याशी बोलत बोलत, खाली न बघता, थेट मांडवाखाली गेली.