कब्बाल्यातली कबड्डी

शलोमकाका वाकरूळकरांच्या ठाण्यातल्या खोलीत, टेंभीनाक्याजवळ, दामाजी पहिल्यांदा आला तो अर्ध्या चड्डीत. गुडघ्याला पट्टा, गळ्यात शिट्टी. आत आम्ही पाच-सहा जण चटईवर डोळे मिटून बसलेलो. त्याने आमच्याकडे नीट पाहून घेतलं आणि विचारलं, "टीम हीच काय?"

साल एक्याण्णव असेल. काका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, पोस्टातून निवृत्त झालेले. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की त्यांचा शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, संपायचा आणि आमचा कब्बाल्याचा वर्ग सुरू व्हायचा. पावसाळ्यात ढगांमागे तारे दिसायचे नाहीत, तेव्हा काकू गॅलरीतून अंदाजाने सांगायच्या, "असतील, असतील, बसा." कब्बाला म्हणजे ज्यू लोकांची जुनी गूढविद्या. ती चाळिशीनंतरच शिकावी असा पूर्वजांचा दंडक. मी तेव्हा अठ्ठाविशीत होतो, पण काकांनी माझा जाड चष्मा पाहिला आणि म्हणाले, "चाळिशी लागलीय ना? मग ये."

दामाजी चेंदणी कोळीवाड्यातला. ऐंशीच्या दशकात खाडीकाठच्या कबड्डीतला वाघ. एका दमात अख्खं मैदान हिंडून यायचा म्हणून लोक त्याला 'दमाजी'च म्हणत. त्याची बायको सगुणा काकूंच्या दारी मासळी घेऊन यायची, फक्त खवल्यांची, कारण या घरात कोळंबी चालत नसे. तिनेच घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं, "वाकरूलकरांकरं शनवारी कबड्डी शिकवतान. तुमच्यासारखा गडी पायजे म्हनतान."

घोटाळा लक्षात आल्यावर आम्ही हसून लोळायचेच बाकी होतो. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी सरकून चटईवर जागा केली.

"बस. इथेही एक खेळच आहे. हरायचा."

"हरायचा? मग मना नाय जमनार," असं म्हणत दामाजी बसला. काकूंचा चहा आला होता ना!

त्याच्या बसण्यामागचं दुखणं आम्हाला मागाहून कळलं. काही वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात त्याने शेवटची चढाई केली, दोन गडी मारले आणि मधली रेषा गाठली. समोरचे ओरडले, दम तुटला! पंचांना काही ऐकू आलं नव्हतं. रेषेवर त्याच्याच संघातला, दामाजीचा सख्खा धाकटा भाऊ धाकू उभा होता. पंच म्हणाले, "धाकू, तू जवळ होतास. सांग." धाकूने मान खाली घातली. "तुटला."

सामना गेला. त्या दिवसापासून दामाजी भावाशी बोलायचा बंद झाला. बरं, दोघांची होडी एकच! रोज खाडीत बरोबर जायचे. एका टोकाला दामाजी, दुसऱ्या टोकाला धाकू, आणि बोलणं होडीशी. "होडीबाय, त्या टोकाला सांग, जालं ओढ." तिकडून उत्तर यायचं, "होडीबाय, ओढतंय म्हनावं." घरात ही होडीची कामगिरी सगुणाला करावी लागे. भांडण दोघांचं आणि घसा तिचा बसायचा.

काकांचा वर्गात एकच नियम होता. बोलताना 'मी' म्हणायचं नाही. "वरून उजेड येतोच आहे," ते म्हणत. "आपण भांडी. भांड्यात आधीच 'मी' गच्च भरलेला, तर उजेड मावणार कुठे? आणि एकट्याचं भांडं केवढंसं! सगळ्यांचं मिळून मोठं होतं."

"म्हंजे एकटाच आत घुसला त्याची पकड होते," दामाजी म्हणाला.

काका खूश! मग दामाजीनेच नियमाला शिस्त आणली. 'मी' म्हणणारा बाद, त्याने गॅलरीत जाऊन बसायचं. स्वतःहून आत यायचं नाही. आतल्या कुणी हाक मारली तरच पुन्हा जिवंत. माझे त्या काळातले बहुतेक शनिवार गॅलरीत काकूंच्या तुळशीशेजारी गेले.

एकदा काकांनी शब्दाचा अर्थ सांगितला. कब्बाला म्हणजे घेणं, स्वीकारणं. "आपलं 'कबूल' आहे ना, त्याचा हा चुलतभाऊ."

दामाजी हातातल्या कपाकडे बघत बसला. चहासुद्धा निवला.

दोन दिवसांनी खाडीत तो म्हणाला, "धाकू." मध्ये होडीबाय नाही, काही नाही. धाकू पाण्यात पडता पडता वाचला.

"त्या दिशी दम तुटलेला माझा. कबूल."

"ठाव हाय," धाकू म्हणाला. "आता जालं ओढ."

घरी दामाजीने सगुणाला सांगितलं, "तुला आयकू आलं नाय बरोबर. कबड्डी नाय ती, कब्बाला."

"मी काय बहिरी हाय?" सगुणा म्हणाली. "काकू बोलल्या, तिथं मानसाची घमेंड उतरवतान. तसं सांगितलं असतं तर गेला असता काय तुमी?"

पुढच्या शनिवारी दामाजी छाती काढून वर्गात आला. "काका, मी माझा मी टाकला! एवढा मोठा मी सगल्या ठान्यात कोनाचा नव्हता, आन टाकला पन मीच!"

काकांनी शांतपणे गॅलरीकडे बोट दाखवलं. "दामाजी, बाद."

नियम त्याचाच. बिचारा जाऊन तुळशीपाशी बसला. आम्ही हाक मारणार, एवढ्यात दारात धाकू उभा. सगुणाने काकूंसाठी दिलेली बोयटांची, खवल्यांच्या मासळीची पिशवी त्याच्या हातात होती.

"तो आमचा गडी हाय," तो म्हणाला. "आत घ्या त्याला."

"आतल्यानेच हाक मारायची असते," काका म्हणाले आणि चटईवर सरकले. "तू आधी आत ये."

धाकू पिशवी सांभाळत अवघडून बसला. मग गॅलरीकडे न बघताच म्हणाला, "दादा, ये."

दामाजी आला. धाकूच्या मांडीला मांडी लावून बसला, डोळे पुसले, आणि सवयीने बोलून गेला, "मी तर..." लगेच त्याने जीभ चावली.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"धाकू, तू जवळ आहेस. सांग. काही ऐकलंस?"

धाकूने भावाकडे बघितलं.

"नाय बा," तो म्हणाला. "कायच नाय ऐकलं."