बकरीचा खिमा

शनिवारी दुपारी बर्गर करायचे ठरले. पत्नी ड्युटीवर होती आणि मला झटपट येण्यासारखे तेवढेच येते. पाव आडवा कापायचा, दोन्ही अर्ध्यांवर कच्चा खिमा पातळ पसरायचा आणि ओव्हनमध्ये वरच्या ग्रिलखाली आठ मिनिटे ठेवायचे. खिमा कडेपर्यंत न्यावा लागतो. मोकळी राहिलेली कड जळते.

आई साताऱ्याहून दोन महिन्यांसाठी आखातात आमच्याकडे आली होती. ती मटण खाते, मासे खाते. गाईचे मांस तिने कधी खाल्लेले नव्हते. निघण्यापूर्वी फोनवर तिने तेवढेच विचारले होते, तिकडे जेवणात काही सरमिसळ होत नाही ना? मी नाही म्हणालो होतो.

सिलिकॉन ओएसिस या आमच्या वस्तीतल्या नेहमीच्या मलयाळी मटणवाल्याचे दुकान त्या दिवशी बंद होते. म्हणून मी पलीकडच्या अरब खाटकाकडे गेलो. त्याला हिंदी येत नव्हते, मला अरबी. काचेमागच्या खिम्याकडे बोट दाखवून मी विचारले, "बकरी?" तो म्हणाला, "बकरी, बकरी," आणि त्याने अर्धा किलो तोलून दिला.

पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा आईने विचारले, पावाचे झाकण दुकानातच विसरलास का? मग तिने एक अर्धा संपवला. खिमा कोवळा आहे, म्हणाली.

मुलगी सहावीत आहे. शाळेत अरबी सक्तीचे आहे, त्यामुळे दिसेल ती पाटी वाचायची तिला सवय आहे. स्वयंपाकघरात खिम्याची पिशवी कचऱ्यात टाकताना तिने वरचे अरबी लेबल वाचले.

"बकरी," ती म्हणाली.

बरोबर आहे, मी म्हणालो.

"नो, बाबा. दॅट्स अरेबिक. इट मीन्स काऊ."

मी फोनवर शब्द तपासला, मग दुसऱ्या ठिकाणी तपासला. अरबीत बकर म्हणजे गाय, बकरी म्हणजे गाईचे. बकरीसाठी वेगळाच शब्द आहे. खाटकाने त्याच्या भाषेत खरे उत्तर दिले होते.

दुसऱ्या ट्रेची चार मिनिटे उरली होती. दारातून आईची पाठ दिसत होती, आणि ताटलीतला दुसरा अर्धा पाव. तिने अजून तो उचलला नव्हता. न सांगता ताटली उचलून आणता आली असती. पोट बिघडेल, असे काहीतरी म्हणता आले असते. पण आधी खाल्लेल्याचे काय, हे ठरत नव्हते. मुलीने हळू आवाजात विचारले, "आर वी टेलिंग आजी?"

मी ग्रिल बंद केला.

आईसमोर बसून मी सगळे क्रमाने सांगितले: बंद दुकान, मी विचारलेला शब्द, लेबल. ऐकून झाल्यावर तिने ताटली दोन बोटांनी पुढे सरकवली, उठून बेसिनपाशी गेली आणि चुळा भरल्या. नळ बराच वेळ चालू राहिला. मी टॉवेल घेऊन मागे उभा होतो. तो तिने घेतला नाही, पदराला तोंड पुसले.

"मी खाल्लं तेव्हा ते बकरीचंच होतं," ती म्हणाली. "तू सांगितलंस आणि गाईचं झालं."

मी म्हणालो, लपवायला नको वाटले.

"तुझं मन मोकळं झालं. माझ्या पोटातलं कुठं काढू?"

मुलगी दारात उभी होती. आजीचा उरलेला बर्गर मी खाऊ का, असे तिने इंग्रजीत मला विचारले. मी आईकडे पाहिले. आईला प्रश्न समजला होता.

"खाऊ दे तिला. तिला विचारून घेतलं असतंस तर ही वेळ आली नसती."

मग ती खोलीत गेली. उरलेले तेवीस दिवस तिने स्वतःचा स्वयंपाक स्वतः केला, आणि बाजारात जाताना मला घरी ठेवून नातीला बरोबर नेले.