मावशींचा उंबरा

छावणीत मी पाळणाघर चालवते. तिथं चपला-बूट उंबऱ्याबाहेर काढायचे, हा आमच्या मदतनीस मावशींचा कायदा. फरशी त्या पुसतात, म्हणून कायदाही त्यांचाच.

एकदा एक बाई आपल्या तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आल्या. मुलीच्या पायांना आधाराच्या पट्ट्या होत्या आणि त्या बुटांना जोडलेल्या होत्या. बूट काढले की तिला चालता येत नसे. आधीच्या पाळणाघरात ते बाहेर काढायला लावत, त्यामुळे पोरगी दिवसभर कोपऱ्यात बसून इतरांचा खेळ बघायची.

"इथं तरी खेळेल का ही?" बाईंनी विचारलं.

मी मावशींकडे पाहिलं. मावशींनी बुटांकडे पाहिलं.

"घरात बूट नाय चालायचे," म्हणत त्या ओलं फडकं घेऊन उंबऱ्यावर बसल्या. "आण गं पाय इकडं." बुटांचे तळ घासूनपुसून लख्ख केल्यावर म्हणाल्या, "आता हे बूट नाय, पाय झाले. जा खेळायला."

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं बूट घालूनच उंबऱ्यावर रांगेत उभी. "मावशी, माझे पण पाय करा."

"मॅडम, तुमच्यापायी लई काम वाढलं," मावशी माझ्यावरच चिडल्या.

आठवड्याभरात एका मुलाच्या आईची तक्रार आली. नव्या मुलीनं रांगेत पुढं घुसताना त्याला ढकललं होतं. संध्याकाळी मी मुलीच्या आईला, इतर आयांना सुनावते तसंच सुनावलं. बाई ऐकताना हसत होत्या.

"हसू नका. घरी समज द्या तिला."

"देते ना," त्या म्हणाल्या. "पण नक्की हिनंच ढकललं?"