अष्टमीची पालकसभा

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मिठागरात कामाला होते आणि मिठागर कामगारांची पत्रकं तेच लिहायचे. छापून आलेल्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर मी वाचायला शिकले. ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘जाब विचारा’ वाचता येत होतं. चौकात उभं राहून पत्रक वाटताना कोण ते न वाचताच खिशात कोंबणार आणि कोण दोन पावलं जाऊन परत येणार, हे मी दहाव्या वर्षी चेहऱ्यावरून ओळखायची. त्यामुळे शिक्षिका झाल्यावर मी पहिल्यांदा कशाला हात घालणार, हे ठरलेलंच होतं.

शाळा रेवसच्या बाजूला, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात. सातवीपर्यंतची. माझ्याकडे सहावी-सातवीचा एकत्र वर्ग. पालकसभा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता. सूचना शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जायची. जानेवारीतल्या सभेला आम्ही व्हरांड्यात सतरंज्या घातल्या, मुलांच्या वह्या मांडल्या, आणि तीन जण आले. त्यातला एक आधार कार्डाचं विचारायला आला होता.

“यांना पडलेलीच नाही,” माझे सहकारी वह्या गोळा करता करता म्हणाले. मी त्यावर विश्वास ठेवला. याची लाज मला आजही वाटते.

त्याच आठवड्यात मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘पालकांनो, मुलं तुमची की शाळेची?’ खाली चार परिच्छेद. महिन्यातून एक तास ज्यांना आपल्या लेकरासाठी काढता येत नाही, त्यांनी उद्या त्याच्या अपयशाचा दोष कुणाला द्यायचा, असं काहीतरी. झोपलेल्यांना जागं करण्याची भाषाही होती. मला ते फार आवडलं होतं. मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, “बाई, जरा जहाल आहे,” असं म्हणाले, आणि शाळेचा शिक्का मारून दिला. मी प्रती मुलांच्या हातात दिल्या आणि वर बजावलं, “घरी मोठ्यांदा वाचून दाखवा.”

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतल्या एका मुलीची आई आली. मासळी विकून परतत होती. रिकामी टोपली तिने पायरीवर ठेवली, हात ओच्याला पुसले आणि कमरेला खोचलेलं पत्रक काढून माझ्यापुढे धरलं.

“हा कागद तुमी लिवला?”

“हो.”

“मंग मीच ती निजलेली बाय. बघून घ्या नीट.”

मी बसायला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“तुमची सभा कवा होती ठाव हाय? पुनवेच्या पाठोपाठ. उधाणाचे दिवस. आमचे बोटी भरून येतात त्या टायमाला. मासळी टाकून मी तुमच्या सतरंजीवर बसू? दिवाळीआधीची सभा कोजागिरीला धरून. ती पन उधाणात. आनि तुमचा तो ग्रुप हाय ना, त्यात माझे नवऱ्याचा नंबर. नवरा दर्यात. तिथं रेंज कोन देनार, तुमी?”

व्हरांड्यातल्या मुली हसल्या. मला हसू येईना. मी मिठागर कामगाराची मुलगी. मिठागरात पाणी घ्यायचं ते उधाणाला, हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत. अमावस्या-पौर्णिमेला बाबा घरी जेवायलाही यायचे नाहीत. आणि मी शाळेच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून फक्त शनिवार मोजत होते.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. ती जरा हळू आवाजात म्हणाली, “आनि हा कागद मला कोनी वाचून दाखवला? माझेच पोरीनं. आईला काय काय बोललंय ते पोरगी वाचते नि मी आयकते. एका दमात वाचला तिनं. कुठं अडली न्हाय. मंग मी प्रगतिपुस्तक काढलं नि शेजारनीकडनं वाचून घेतलं. पाचवीत लिवलंय, वाचनात कच्ची. सहावीत, वाचनात कच्ची. सातवीत तुमी लिवलंय.”

“वाचनात कच्ची,” मी म्हणाले.

“व्हय. म्हनून मी ठरवलं होतं, सातवी झाली की पुरे. कच्चे पोरीला पुढं कुठं ढकलू? माझे बहिनीकडं धाडनार होते, उरनला, कोलंबी सोलायला. आता सांगा, कोन खोटं? पोरगी, का तुमचं पुस्तक?”

पुस्तक खोटं होतं. ते खोटं कसं तयार झालं, हेही मला ठाऊक होतं. पहिल्या सत्राच्या शेवटी सगळ्या वर्गाच्या नोंदी दोन दिवसांत भरायच्या असतात. गेल्या वर्षीचं पान समोर उघडं असतं. हात आपोआप तेच शब्द उतरवतो. माझ्याआधी या वर्गावर असलेल्या बाईंनी पाचवीचं उतरवलं, मी सहावीचं. आणि ही मुलगी वर्षभर माझ्यासमोर खालच्या वर्गातल्या मुलांना धडे वाचून दाखवत होती. मी ते पाहत होते, तिला शाबासकीही देत होते. फक्त ते ज्या घराला कळायला हवं होतं, त्या घराला सांगितलं नव्हतं.

“मी खोटं लिहिलं,” मी म्हणाले.

तिने टोपली उचलली. “दाखला तयार ठेवा. परीक्षा झाली की न्यायला येते,” एवढं बोलून ती गेली.

त्या दिवशी मी वर्गात फार काही शिकवू शकले नाही. पण रडतही बसले नाही. शाळा सुटल्यावर मी मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

“सर, पुढची पालकसभा अष्टमीला घ्यायची.”

“कसली अष्टमी?”

“कसलीही. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाण्याला ओढ नसते, बोटी किनाऱ्याला असतात, बायका-पुरुष जाळी दुरुस्त करत बसतात. तेव्हाच सगळे भेटतील.”

सर नारळ-सुपारीच्या वाडीवाले. समुद्राशी त्यांचा संबंध जेवणाच्या ताटापुरता. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. “बाई, ही शाळा आहे की देऊळ? वर कळवू काय, तिथी बघून सभा लावली म्हणून?”

“तारीख कळवा. तिथी मी बघते.”

“आणि मंगळवार आला तर?”

“तर मंगळवारी.”

“आणि ते म्हणाले, शाळेत नाही येणार?”

“तर आपण जायचं.”

सरांनी शिक्क्याच्या डबीचं झाकण मिटलं. मग म्हणाले, “एकदा करून बघू. पण पत्रक नको.”

“पत्रक नाही. मी घरोघरी जाऊन सांगते.”

आणि गेले. प्रत्येक घरात मला तोच कागद ऐकवला गेला. “या या, जागं करायला आल्या!” एका आजींनी तर खोटंखोटं घोरून दाखवलं. मी उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकून घेतलं. पत्रक वाटणाऱ्याला लोकांची बोलणी ऐकायची सवय हवी, ती मला होती. फक्त या वेळी ती बोलणी बरोबर होती.

अष्टमीला दुपारी जाळी दुरुस्त करायच्या पत्र्याच्या शेडमध्ये सभा झाली. बायका होत्या, आज्या होत्या, आणि कधी नव्हे ते बापही होते. हातात सुया-दोरे चालूच. मी उभी राहून पहिल्यांदा सांगितलं की पत्रकात मी जे लिहिलं ते चुकीचं होतं, आणि प्रगतिपुस्तकातल्या काही नोंदी मी मुलांकडे न बघता जुन्या पानावरून उतरवल्या होत्या. सर माझ्याकडे असे बघत होते, जणू मी शाळेचा पत्राच उचकटला.

“मास्तरीण बाय कापी करते!” मागून कुणीतरी ओरडलं आणि शेड हसली.

मग मुलांना आपापल्या घरच्यांशेजारी बसवलं. प्रत्येकाकडे जूनमधली एक वही आणि आत्ताची एक. काय बदललं आणि काय अजून येत नाही, ते मुलांनीच सांगायचं, मी शेजारी बसून खरं-खोटं करायचं. मी एकेका घरापाशी बसत गेले. एका बापाने दोन्ही वह्या उलट्यासुलट्या करून विचारलं, “ही दुसरी वही याचीच ना?” मुलगा चिडला. बाप हसत सुटला आणि पुढच्या माणसाला वही दाखवायला उठला.

ती आईही आली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, जाळं विणत होती. मुलगी तिला भागाकार समजावत होती आणि मध्येच अडली. मी पुढे होणार, तेवढ्यात आईनेच विचारलं, “हे येत न्हाय तुला?”

“अजून नीट नाय येत.”

“बाईंना ठाव हाय?”

“हो. रोज दोन करायला देतात.”

आईने मान हलवली. त्यानंतर मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये, प्रत्येक भांगात, मी त्या शेडमध्ये गेले. ती दर वेळी असायची. उरणच्या बहिणीचं काय ठरलं, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायचा हक्क मी गमावला होता.

परीक्षा संपली. निकालानंतर ती सांगितल्याप्रमाणे दाखला न्यायला आली, बरोबर मुलगी. मी कोरा दाखला समोर घेतला. नाव, जन्मतारीख वगैरे भरलं. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्याशी माझा हात थांबला. आमच्याकडे पुढे वर्ग नाहीत, त्यामुळे दाखला प्रत्येकीला द्यावाच लागतो. तो घेऊन ती कुठे जाणार, एवढाच प्रश्न होता.

“कारण काय लिहू?” मी विचारलं.

“ते मागनं. पहिलं प्रगतीचं लिवा. माझेसमोर.”

मी ‘अभ्यासातील प्रगती’च्या रकान्यात लिहिलं, ‘वाचन उत्तम. भागाकाराचा सराव आवश्यक.’ तिने कागद मुलीकडे सरकवला. मुलीने वाचला.

“भागाकाराचं कशाला लिवलं? चांगलंच लिवायचं ना,” आई म्हणाली.

“अजून पूर्ण येत नाही तिला.”

तिने मुलीकडे पाहिलं. मुलीने खांदे उडवले. “खरंय ते.”

“मंग वाचनाचं पन खरंच असंल,” आई म्हणाली. “कारन लिवा, पुढल्या शिक्षनासाठी.”

मी लिहिलं. सरांनी सही केली, शिक्का मारला. दाखल्याची घडी घालून तिने तो पिशवीत ठेवला, पण ती उठेना.

“हायस्कूलातले मास्तर भांगात येतील आमच्याकडं?”

“त्यांना माहीत नसणार.”

“कोन सांगनार त्यांना?”

“मी सांगेन.”

“कवा?”

“शाळा उघडली की जाईन.”

“ते आज हायत ना तिथं? निकालाचे दिवस हायत.” ती उठली आणि मुलीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “चला मंग. आज पानी उतरलेलं हाय, मला संध्याकाळपावेतो वेळ हाय.”

मी पर्स घेतली. आम्ही तिघी रिक्षा थांब्याकडे निघालो. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना पहिलं वाक्य काय ऐकवायचं, ते मी वाटेत जुळवत होते. आणि ती म्हणत होती, “बाय, आधी मी बोलते. तुमी जहाल बोलता.”